ही तार कोणाची?

तारवाली | सोमवार, पहाटे 5:10

साडेतीनला जाग येते. पंच्याहत्तरीत सगळ्यांनाच येते म्हणे, त्यामुळे त्याची तक्रार नाही. तक्रार त्यानंतरच्या दहा मिनिटांची आहे. चष्मा सापडायच्या आधी फोन हातात येतो. चष्मा चढवेपर्यंत त्या अंधुक चौकोनात काहीतरी जळत असतं, कोसळत असतं, नाहीतर तोंडावर रुमाल बांधलेल्या कोणालातरी पोलिसांच्या गाडीत चढवत असतात. आज पाच मिनिटांत एक युद्ध पाहिलं, दरीत गेलेली एक बस पाहिली, आणि एका लहान मुलीचं प्रकरण, जे शेवटपर्यंत वाचता आलं नाही. मग उठून दात घासले.

हे ‘मग उठून दात घासले’ मला टोचतंय, म्हणून हा धागा.

थोडं माझ्याबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी तारखात्यात होते. 1971 ला लागले, 2010 ला निवृत्त झाले. आधी मोर्स, मग टेलिप्रिंटर, शेवटी संगणक. मोर्सचं यंत्र कट्ट-कडकट्ट वाजायचं आणि ते कानाने वाचून कागदावर उतरवायचं. कान असे तयार व्हायचे की शेजारच्या टेबलावर कोणाचं काय आलंय तेही नको असताना कळायचं. लागले त्याच डिसेंबरात युद्ध सुरू झालं. खिडक्यांना काळे कागद लावलेले, रात्रपाळीला दिव्यावर टोपण, आणि त्या अंधारात यंत्रं वाजताहेत. मी एकवीस वर्षांची होते. भीती वाटायची, पण ती कामात विरून जायची.

टेलिप्रिंटर आल्यावर मजकूर कागदी पट्टीवर छापून यायचा. ती पट्टी फाडायची, गोंद लावायचा आणि फॉर्मवर ओळीओळीने चिकटवायची. माझ्या शेजारी एक वयस्क तारबाबू बसायचे. फार बोलायचे नाहीत. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली: मरणाच्या तारेची पट्टी वाकडी लावायची नाही. तो कागद लोक ट्रंकेच्या तळाशी वर्षानुवर्षं ठेवतात. आणि ‘एक्स्पायर्ड’ हा शब्द ओळीच्या टोकाला अर्धा तुटता कामा नये. जागा पुरत नसेल तर आधीचा शब्दही खालच्या ओळीत घे, पण तो अख्खा ठेव. मी पुढे नव्या मुलींना तेच शिकवलं.

आणखी एक. पैसे शब्दागणिक असायचे, त्यामुळे खिडकीवर आलेला माणूस शब्दांची काटकसर करायचा. पण ‘मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली’ अशी तार आली की आम्हाला कळायचं, बहुतेक वेळा आई गेलेली आहे. सीरियस काय, एक्स्पायर्ड काय, एकच शब्द, पैसे सारखेच. तरी लोक सीरियस लिहायचे. ज्याला रात्रभर गाडीत बसून यायचंय त्याने तेवढा रस्ता तरी आशेवर काढावा, असा तो हिशेब. आणि गाडीत बसणाऱ्यालाही तो हिशेब ठाऊक असायचा. तरी यायचा तो आशेवरच.

(मजकूर फोडला म्हणून कोणी 1885 च्या टेलिग्राफ अ‍ॅक्टवर बोट ठेवू नका. ही वाक्यं कोणा एकाची नव्हती, शेकड्यांनी यायची. एकेकाची म्हणून जी होती ती मी नवऱ्यालाही सांगितलेली नाहीत.)

आता मुद्दा. त्या प्रत्येक कागदावर वरती एक नाव आणि पत्ता असायचा. जगातलं सगळ्यात वाईट वाक्य असलं तरी ते कोणाचंतरी असायचं. शिपाई सायकलवरून न्यायचा, दार वाजवायचा, सही घ्यायचा. माणूस सापडला नाही तर तसं पाठवणाऱ्या कचेरीला कळवलं जायचं. ज्याची बातमी त्याला पोचली की तिथे आमचं काम संपायचं. मी एकोणचाळीस वर्षं लोकांची मरणं हाताळली आणि घरी येऊन शांत झोपले. त्याची लाज कधी वाटली नाही, कारण ते कागद माझे नव्हते.

आता जे फोनवर येतं त्यावर पत्ता नाही. म्हणजे ते माझंच आहे का? असेल तर मी त्याचं काय करायचं? नसेल तर ते माझ्या उशाशी साडेतीनला काय करतंय?

जुनी खोड म्हणून आठ दिवस एका वहीत नोंद केली. रकाने आमच्या आवक रजिस्टरासारखे: वेळ, कुठून, मजकूर, कोणाला. पहिले तीन रकाने धडाधड भरले. ‘कोणाला’ हा रकाना आठ दिवसांत सात वेळा भरला. बाकी पानंच्या पानं कोरी. आणि ते सात कोणते? एका ओळखीच्या बाईंचं निधन, भाचीचा अपघात (हाताला प्लास्टर, बरी आहे), पेन्शनीचा हयातीचा दाखला, असलंच.

तुम्ही काय करता? विशेषतः साठीच्या पुढचे. ‘फोन बंद करा’ हा सल्ला नातीने दिलेला आहे, तो सोडून सांगा.

पानगळ | सोमवार, सकाळी 7:02

आजी, काय लिहिलंय! ‘तो अख्खा ठेव’ला थांबले. वाचनखूण साठवली. पुढील लेखनाला शुभेच्छा.

तारवाली | सोमवार, सकाळी 7:20

धन्यवाद. पण आजी ऐंशीनंतर म्हणा. तूर्त काकू चालेल.

मुद्देसूद | सोमवार, सकाळी 9:45

लेखन सुंदर, निष्कर्ष पटला नाही. काकूंनी राग मानू नये.

‘पूर्वी बातमी सभ्य होती’ हा सूर मला नेहमी खटकतो. पूर्वी बातमी उशिरा यायची आणि कोणाच्यातरी परवानगीने यायची. 31 ऑक्टोबर 1984 ला इंदिरा गांधींवर सकाळी सव्वानऊच्या सुमारास गोळ्या झाडल्या. बीबीसीने मृत्यूची बातमी दुपारीच दिली आणि आकाशवाणीने ती संध्याकाळी 6 ला सांगितली. दिवसभर देश कानगोष्टींवर चालला होता. 1975 ते 77 मध्ये तर वर्तमानपत्रात काय छापायचं ते सरकारी अधिकारी ठरवत होता. तेव्हा साडेतीनला जाग आली असती तर काहीच वाचायला मिळालं नसतं, आणि ती शांतता चांगली नव्हती.

आणि अफवा म्हणाल तर 21 सप्टेंबर 1995 आठवा. गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर आणि परदेशातसुद्धा पोचली. व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, स्मार्टफोन नव्हता. साधे फोन आणि शेजारणी पुरल्या. त्याआधी 1979 च्या जुलैत स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून लोक घाबरले होते. ते पडलं ऑस्ट्रेलियात आणि हिंदी महासागरात.

माणूस तोच आहे. यंत्रावर राग काढण्यात अर्थ नाही.

तारवाली | सोमवार, सकाळी 10:30

राग कसला? 1984 चं तुमचं अगदी खरं. त्या दिवशी दुपारीच आम्हाला कळलं होतं, कसं ते विचारू नका, आणि तोंड शिवून बसलो होतो. पुढे रेडिओवर गाणी थांबून सारंगी सुरू झाली की बाहेरच्यांनाही कळायचं. ती सारंगी ऐकली की माझ्या पोटात अजून खड्डा पडतो.

पण मी ‘पूर्वी सभ्य होतं’ असं म्हटलेलं नाही, पुन्हा वाचा. पूर्वी बातमी थांबायची, एवढंच माझं म्हणणं. कचेरीतून बाहेर पडताना यंत्राचा आवाज मागे राहायचा. 1995 चं दूध एका दिवसात आलं आणि दुसऱ्या दिवशी ओसरलं. आज ती चित्रफीत पाच वर्षं फिरत राहिली असती, दर चतुर्थीला नव्याने.

खिडकीतला | सोमवार, दुपारी 1:15

काकू, नोटिफिकेशन बंद करा. सेटिंगमध्ये जाऊन एकेका अ‍ॅपचं बंद करता येतं. फोन बंद करायची गरज नाही. हलकेच घ्या.

रात्रपाळी | सोमवार, रात्री 11:50

माझी वेळ हीच, म्हणून आयडी हा. पस्तीस वर्षं वर्तमानपत्रात उपसंपादक होतो, त्यातली निम्मी रात्रपाळीत.

काकूंच्या पट्टीसारखंच आमच्याकडे पान असायचं. पान म्हणजे आठ रकाने आणि ठरलेली उंची. जगात काहीही होवो, त्याला तेवढ्यातच बसावं लागायचं. 21 मे 1991 ची रात्र सांगतो. डाक आवृत्ती गेली होती, म्हणजे लांबच्या गावांचे गठ्ठे गाड्यांवर चढले होते. साडेदहाच्या पुढे वृत्तसंस्थेच्या टेलिप्रिंटरची घंटा वाजायला लागली. फ्लॅश आला की ती घंटा वाजायची. श्रीपेरुंबुदूर हे नाव आमच्यापैकी कोणीच आधी ऐकलं नव्हतं. पहिल्या ओळीत स्फोट, दुसऱ्या ओळीत राजीव गांधी, आणि मग बराच वेळ काहीच नाही. सगळे त्या यंत्राभोवती उभे. मुख्य उपसंपादकांनी शहर आवृत्तीचं पान मोडलं. आधीचा मथळा, चौकट, एका उद्घाटनाचा फोटो, सगळं बाहेर. नव्या मथळ्यासाठी आम्ही तिघं भांडलो. ‘ठार’ की ‘हत्या’ की ‘निधन’. वीस मिनिटं एका शब्दावर घालवली. छपाईवाले खालून ओरडत होते. शेवटी ‘हत्या’.

हे सांगण्याचं कारण असं की वाईट बातमीवर तेव्हा कोणीतरी वीस मिनिटं हुज्जत घालायचं. मुद्देसूद म्हणतात तसं त्यातून दडपादडपीही व्हायची, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे, नाकारत नाही. पण चूकही त्याच वीस मिनिटांत पकडली जायची. मराठीत चोवीस तासांच्या वाहिन्या 2007 ला सुरू झाल्या आणि पुढच्याच वर्षी 26 नोव्हेंबर 2008 उजाडला. मुंबईतल्या नरिमन हाऊसच्या गच्चीवर कमांडो उतरताना सगळ्या देशाने थेट पाहिले, आणि ज्यांनी पाहायला नको होतं त्यांच्यापर्यंतही ते पोचत होतं. सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या कसाब निकालात त्यावर कडक ताशेरे मारले आणि 2015 ला नियमच झाला की दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करायचं नाही, अधिकाऱ्याने वेळोवेळी सांगितलेलं तेवढंच दाखवायचं.

म्हणजे वाहिन्यांना शेवटी पान मोजून द्यावं लागलं. फोनला कोण देणार?

माझं स्वतःचं सांगायचं तर रात्री नऊनंतर बातमी बघत नाही. पस्तीस वर्षं रात्री नऊला बातमी सुरू व्हायची, आता संपते. बायको म्हणते हा सूड आहे.

दोन_बाण | मंगळवार, सकाळी 8:10

रात्रपाळी काका, फोननेही थोडं पान मोजून दिलंय, पण त्याची किंमत फार मोठी मोजून.

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. भिक्षा मागत फिरणारे पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज आठवडाभर फिरत होते. आठवडी बाजाराचा दिवस. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. त्या महिन्यात देशात अशा आणखीही घटना झाल्या. मग व्हॉट्सअ‍ॅपने ‘फॉरवर्डेड’ हा शिक्का आणला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जो मेसेज खूप फिरलाय त्यावर दोन बाण दिसतात आणि 2020 च्या एप्रिलपासून तो एका वेळी एकाच ठिकाणी जातो.

मी शिक्षक आहे. वर्गात मुलांना दोन बाण ओळखायला शिकवतो. मुलं लगेच शिकतात. पालकसभेत शिकवायला गेलो तर एका आजोबांनी तिथल्या तिथे मलाच दोन बाणांचा मेसेज पाठवला, ‘हे खरं आहे का सर’ म्हणून. त्यांनी विचारलं, याचाच मला आनंद झाला.

मुद्देसूद, 1995 ला दूध वाया गेलं. 2018 ला माणसं गेली. माणूस तोच असेल, वेग तो नाही.

मुद्देसूद | मंगळवार, सकाळी 9:30

राईनपाड्याबद्दल काही बोलण्यासारखं नाही. मान्य.

ओसरी | मंगळवार, दुपारी 3:40

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. माझे वडील 78 वर्षांचे. एकटे राहतात, तब्येत ठणठणीत, रोजचं वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचतात. गेल्या वर्षी त्यांना एक व्हिडिओ कॉल आला. समोर पोलिसांचा गणवेश, मागे भिंतीवर बोधचिन्ह. तुमच्या आधार कार्डावर सिम घेऊन गुन्हा झालाय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कोणाला सांगायचं नाही. बाबा सहा तास बसले होते. पाणी प्यायला उठतानाही त्या माणसाची परवानगी मागितली. संध्याकाळी शेजारच्या काकू घराची किल्ली द्यायला आल्या आणि बेल वाजवत राहिल्या, म्हणून ते तुटलं. पैसे गेले नाहीत. थोडक्यात वाचले.

मला सगळ्यात जास्त लागलं ते बाबांचं नंतरचं बोलणं. मी चिडून विचारलं, बाबा तुम्हाला खोटं वाटलं नाही? ते म्हणाले, “अगं, रोज बातम्यांत असलंच बघतो. कोणाच्या नावावर कुठे काय निघालं. मला वाटलं, आज आपला नंबर लागला.”

काकूंनी पत्त्याचं लिहिलं तेव्हा मला हे आठवलं. वर्षानुवर्षं पत्ता नसलेल्या बातम्या ऐकून त्यांना सवय झाली होती, आणि एक दिवस कोणीतरी त्यांचा पत्ता घालून तीच बातमी पाठवली. त्यांनी सही करून घेतली.

कोणाच्या घरी वडीलधारे असतील त्यांच्यासाठी: डिजिटल अरेस्ट असला प्रकार आपल्या कुठल्याही कायद्यात नाही. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत. पैसे गेले तर लगेच 1930 ला फोन करायचा, जितका लवकर तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त. आणि नुसतं बोलायला, माहिती विचारायला ज्येष्ठांसाठी 14567 हा क्रमांक आहे. आम्ही दोन्ही नंबर बाबांच्या फोनशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेत. त्याखाली बाबांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय: ‘आधी बेल वाजवणाऱ्याला दार उघडणे.’

तारवाली | मंगळवार, दुपारी 4:25

ओसरी, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, लाजू नका. सरकारी शिक्का दिसला की आमची पिढी उभी राहते. मी स्वतः राहिले असते. आमच्या तारेच्या कागदावरही शिक्काच असायचा आणि त्या शिक्क्यावर लोक रात्री अडीच वाजता अनोळखी माणसाला दार उघडायचे. तो विश्वास कोणीतरी आता चोरून वापरतंय.

शेजारणीची किल्ली हे फार बरं सुचलेलं दिसतंय. मीही उद्या वरच्या मजल्यावर देऊन ठेवते.

माळवद | मंगळवार, रात्री 10:05

मी साठीच्या पुढचा नाही, एक्केचाळीसचा आहे. लिहितो कमी, वाचतो रोज.

काकू, तुमचा ‘कोणाला’ हा रकाना वाचला आणि काल रात्रभर डोक्यातून गेला नाही. मी किल्लारीकडचा. भूकंपात पडलेल्या त्या बावन्न गावांतल्या एका गावचा. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3:56. नऊ वर्षांचा होतो. गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. आमच्याकडची घरं दगडमातीची, भिंती दीड-दोन हात जाड, वर माळवद. माळवद म्हणजे लाकडावर मातीचा थर, आणि दर साली त्यावर आणखी माती टाकायची. उन्हाळ्यात गार राहतं. त्या रात्री ती सगळ्या सालांची माती खाली आली. माझी आजी आणि धाकटी बहीण एका खोलीत होत्या. मी ओसरीवर झोपलो होतो म्हणून हे लिहितोय.

आम्हाला बातमी कोणी दिली नाही. आम्हीच बातमी होतो.

दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. नंतर पाऊस लागला. आणि मग माणसं यायला लागली. कुठून कुठून, नाव-गाव माहीत नसलेली. त्यांच्यापैकी कोणाला आमच्या गावचा पत्ता ठाऊक नव्हता, चुकत चुकत आले. मला कोणीतरी एक स्वेटर दिला. निळा, त्यावर कुठल्यातरी शाळेचा बिल्ला शिवलेला. ती शाळा कुठली ते मला आजवर कळलं नाही. दोन हिवाळे घातला.

म्हणून म्हणतो, ज्या घरातून तो स्वेटर आला त्या घरात बातमी गेली तेव्हा तिच्यावर त्यांचा पत्ता नव्हता. तुमच्या वहीत त्यांनी तो रकाना कोरा सोडला असता तर मला स्वेटर मिळाला नसता.

2001 ला 26 जानेवारीला भूज झालं. मी सतरा वर्षांचा. टीव्हीवर पाहिलं आणि आमच्या गावातून गाडी निघाली. आम्ही कपडे नेले नाहीत. ताडपत्र्या, सुतळी, कंदील आणि पहारी नेल्या. पहिल्या आठवड्यात काय लागतं ते आम्हाला माहीत होतं. तिथल्या एका म्हाताऱ्याने विचारलं कुठले, म्हणलं लातूर. तो काही बोलला नाही, नुसता हात धरून बसला.

भूकंपाचे व्हिडिओ मी बघत नाही. कोणी पाठवला तर उघडत नाही. पण बातमी वाचतो, गावाचं नाव वाचतो. तेवढं वाचलंच पाहिजे असं वाटतं. चुकीचं लिहिलं असेल तर माफ करा.

पानगळ | मंगळवार, रात्री 10:40

काही लिहिता येत नाहीये. वाचलं, एवढं कळवते.

रात्रपाळी | बुधवार, रात्री 12:30

माळवद, त्या सकाळी पहिल्या बातमीत आम्ही मृतांचा आकडा फार कमी लिहिला होता. दर तासाला खोडून वर जात होतो. आकडा बदलताना हाताला काही वाटत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं आणि मी ते विसरलो होतो. आज परत आठवलं.

तारवाली | गुरुवार, पहाटे 4:50

काल दिवसभर उत्तर लिहिलं नाही. लिहायला बसले की खोडत होते.

माळवद, तू चुकीचं काहीही लिहिलेलं नाहीस. चुकलं असेल तर माझं. मी वर लिहिलं की ज्याची बातमी त्याला पोचली की काम संपायचं. 1993 चा तो आठवडा मी त्यात सोयीस्करपणे धरला नव्हता. आमच्या खिडकीवर रांग जिन्यापर्यंत गेली होती. औसा, उमरगा, लातूर. लोक गावाचं नाव सांगायचे आणि मजकूर विचारला की गप्प व्हायचे. एक बाई फॉर्म कोरा ठेवून फक्त पत्ता लिहून देत होती. म्हणाली, “काहीही घाला, पण पाठवा.” मी मजकुरात दोन शब्द घातले, खुशाली कळवा. आणि पुढच्या दिवसांत ‘पत्त्यावर माणूस सापडत नाही’ असे जबाब यायला लागले. एका शिपायाने तर वेगळंच कळवलं. तो मजकूर सांगणार नाही.

त्या आठवड्यात मी शांत झोपले नव्हते. हे मी विसरले होते की लपवलं होतं, मलाच ठाऊक नाही. ती आठ दिवसांची वही आणि कोरा रकाना मला फार हुशारीचा वाटत होता. आता तितका वाटत नाही.

तरी साडेतीनचा प्रश्न सुटलेला नाही हं. ते सगळं माझ्याच्याने पेलणार नाही. चाळीसच्या चाळीस बातम्यांपुढे पत्ता लिहायचा तर मी दुपारपर्यंत टिकणार नाही. मग काल एक करून बघितलं. दिवसभरात आलेल्यांपैकी एकच निवडली. पुराची होती, शहराचं नाव सांगत नाही. त्या शहरात आमच्या कचेरीतली एक मैत्रीण राहते, ती आणि मी मोर्सच्या वर्गात एका बाकावर बसायचो. वीस वर्षांत बोलणं नाही. जुन्या डायरीतला नंबर लागलाच नाही. तिच्या भावाचा शोधला, त्याच्याकडून तिचा मिळाला. ती दुसऱ्या मजल्यावर, पाणी तळमजल्याला. सुखरूप आहे. पुरावर आम्ही दोन मिनिटं बोललो, बाकी चाळीस मिनिटं तिचे गुडघे, माझे गुडघे आणि एका साहेबांच्या नकला. मध्येच ती टेबलावर बोटाने काहीतरी वाजवायला लागली. फोनवर ऐकू येत होतं. तिने माझं नाव वाजवलं होतं. पन्नास वर्षांनी, आणि एकही ठिपका चुकला नाही.

वहीत लिहिलं: वेळ, कुठून, मजकूर, आणि ‘कोणाला’मध्ये तिचं नाव. रोज एक जमेल असं वाटतं.

खिडकीतला, नोटिफिकेशन बंद केली. नातीने नाही, मी स्वतः. बँकेचीही बंद झाली, ती परत कशी चालू करायची ते सांग.

खिडकीतला | गुरुवार, सकाळी 8:30

हा हा. काकू, सेटिंगमध्ये जाऊन त्याच जागी. बटण उजवीकडे सरकवायचं. अडलं तर स्क्रीनचा फोटो टाका, बँकेचा आकडा झाकून.

मुद्देसूद | गुरुवार, सकाळी 9:15

मी पहिल्या प्रतिसादात ‘निष्कर्ष पटला नाही’ लिहिलं होतं. काकूंनी आता स्वतःच बदलला, त्यामुळे माझी पंचाईत झाली आहे.

आज सकाळी वडिलांना फोन केला. रोज करत नाही. ‘बातम्यांत काही आहे का?’ हाच त्यांचा पहिला प्रश्न. काही नाही म्हटलं तर त्यांना खरंच वाटेना.

अवांतर: काकू, 1885 च्या अ‍ॅक्टचं तुम्ही दोनदा लिहिलंत, एकदा उघड आणि एकदा ‘तो मजकूर सांगणार नाही’ म्हणून. त्याच्या जागी आता 2023 चा दूरसंचार कायदा केलेला आहे. तारसेवाच 2013 च्या जुलैत बंद झाली. आता सांगायला काही हरकत नसावी. काय कळवलं होतं त्या शिपायाने?

तारवाली | गुरुवार, सकाळी 9:40

कायदा बदलला असेल हो. ती तार तुमची नव्हती.